‘इटालियन’ म्हणून गाजलेली सायकल इटलीची नाही

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

होम मैदानावर नुकत्याच झालेल्या जुन्या वाहनांच्या प्रदर्शनातील एका शर्यतीच्या सायकलीचे छायाचित्र आपल्या दैनिकाच्या सोलापूर आवृत्तीत चौकटीत प्रसिद्ध झाले आणि ती ‘१९३३ सालची अस्सल इटालियन सायकल’ असल्याचे त्याखाली सांगण्यात आले. सायकल दुर्मीळ आहे यात शंका नाही. घरात अडचण होते म्हणून ती भंगारवाल्याच्या हातगाडीवर न चढवता बाळीवेशीतील एका कुटुंबाने इतकी वर्षे माळ्यावर जपून ठेवली, याबद्दल त्यांचे झालेले कौतुकही योग्यच आहे. परंतु ती सायकल इटलीची नाही आणि १९३३ ची तर मुळीच नाही. हे मी छायाचित्रावरून म्हणत नाही. मालकांच्या संमतीने आणि त्यांच्या समक्ष ती मंगळवार पेठेतील एका जुन्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात उघडून मोजण्यात आली, तेव्हा व्हर्नियर, म्हणजे बारीक मापे घेण्याचे साधन, माझ्या हाती होता. गिरणीच्या वर्कशॉपमध्ये माझी सारी नोकरी आटे पाडण्यात आणि आटे तपासण्यात गेली असल्यामुळे हे काम माझ्याकडे आले. त्या मापांवरून जे निष्पन्न होते ते वाचकांपुढे यावे, एवढ्यासाठी हे सविस्तर पत्र.

गैरसमज कसा झाला असावा, हे सायकल पाहिल्यावर लगेच कळते. फ्रेमवर बनवणाऱ्याचे नाव आता कुठेही शिल्लक नाही. हँडलखालच्या उभ्या नळीवर जी धातूची नाममुद्रा असायची ती निघून गेली आहे आणि तिच्या रिव्हेटांची एकाखाली एक अशी दोन भोके तेवढी उरली आहेत. खालच्या तिरक्या नळीवरची अक्षरे नंतर कोणी तरी दिलेल्या निळ्या रंगाखाली गेली आहेत. नाव दिसते ते फक्त ‘कॅम्पान्योलो’ हे, आणि तेही दोन ठिकाणी: मागचा गिअर बदलणाऱ्या डिरेलरवर आणि मागचे चाक ज्या पोलादी खाचांत बसते त्या ड्रॉपआउटवर. ड्रॉपआउट फ्रेमलाच पितळेने झाळलेले असतात, म्हणून फ्रेमही त्याच कंपनीची, असा समज सहज होतो. मग कंपनीची माहिती काढली की ती इटलीतील व्हिचेन्झा येथे १९३३ साली सुरू झाल्याचे समजते, आणि तेच साल सायकलीला चिकटते. वार्ताहरांना दोष देण्याचे कारण नाही. प्रदर्शनातील पाटीवरही तेच लिहिले होते.

पण कॅम्पान्योलो ही सुटे भाग बनवणारी कंपनी आहे. तुल्यो कॅम्पान्योलो यांचे नाव चाक झटक्यात सोडवण्याच्या खटक्यामुळे आणि पुढे गिअरमुळे जगभर झाले, आणि त्यांचे ड्रॉपआउट, चाकाच्या मध्यभागी बसणारे हब, डिरेलर हे इंग्लंड, फ्रान्स, बेल्जियम, स्वित्झर्लंड, स्पेन आणि थेट अमेरिकेतल्याही फ्रेम बनवणाऱ्यांनी पेट्याच्या पेट्या भरून विकत घेतले. सोलापुरी चादरीचे सूत कुठल्या गावाहून आले आणि रंग कुठल्या कारखान्याचा होता यावरून चादरीचे गाव ठरत नाही, तसेच हे आहे. तेव्हा डिरेलर इटलीचा आहे एवढेच त्या नावाने सिद्ध होते.

आपल्याकडच्या वाचकांना हे विचित्र वाटण्याचे एक कारण आहे. आपण ज्या सायकलींवर वाढलो त्या एकाच कारखान्यात नखशिखांत तयार होत आणि आपले नाव लपवत नसत. रॅलेच्या पुढच्या चक्रात बगळ्यांच्या माना कोरलेल्या असत, रजच्या चक्रात हाताचा पंजा, हंबरच्या चक्रात धावणारी माणसे आणि बी.एस.ए.च्या चक्रात ती तीन अक्षरे; हंबरचा पुढचा दुहेरी नळ्यांचा चिमटा तर लांबूनही ओळखू यायचा. पुढे अंबत्तूरला हर्क्युलस आणि फिलिप्स बनू लागल्या, आसनसोलला सेन-रॅले, तरी चालरीत इंग्लंडचीच राहिली. युरोपातली शर्यतीची सायकल मात्र वेगळ्या रीतीने जन्माला येते. एखादा छोटा कारखाना किंवा दोन-तीन माणसांची कार्यशाळा नळ्या एकीकडून, जोडांवरचे लग, म्हणजे नळ्या ज्यांत बसतात ते तुकडे, दुसरीकडून, ड्रॉपआउट तिसरीकडून आणून फ्रेम झाळते, आणि मग गिऱ्हाइकाच्या ऐपतीप्रमाणे तिच्यावर भाग चढवते. एकाच साच्याचे लग पॅरिसच्या, ॲमस्टरडॅमच्या आणि शिकागोच्या सायकलीवर सापडतात. नक्षीदार लग दिसले की ‘इटालियन कलाकुसर’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. पण अशा लगांत जे सर्वांत प्रसिद्ध, ते ‘नर्वेक्स प्रोफेशनल’, ते फ्रान्सचे होते आणि अमेरिकेच्या श्विन कंपनीने आपल्या ‘पॅरामाउंट’ या सर्वांत महागड्या सायकलीसाठीही तेच वापरले.

मग देश ओळखायचा कशावरून? जे भाग पाना लावून बदलता येतात ते सगळे बाजूला ठेवावे आणि जे फ्रेममध्येच कापलेले आहे ते मोजावे. फ्रेममध्ये कापलेली सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पायडलच्या एक्सलचे छरे धरणारे कप जिथे बसतात त्या आडव्या नळीतले आटे. विसाव्या शतकात युरोपात या एका नळीची चार वेगवेगळी मापे नांदत होती आणि प्रत्येक देश आपल्या मापाला चिकटून होता. इंग्लिश माप १.३७० इंच व्यासाचे आणि इंचाला २४ आटे असे, नळीची रुंदी ६८ मिलिमीटर, आणि उजव्या, म्हणजे चेनच्या बाजूच्या कपाला उलटे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने घट्ट होणारे डावे आटे. इटालियन माप ३६ मिलिमीटर व्यास, पण आटे पुन्हा इंचाला २४, रुंदी ७० मिलिमीटर, आणि दोन्ही बाजूंना सुलटे आटे. मिलिमीटर आणि इंच यांची ही खिचडी इटलीनेच करावी. फ्रेंच माप ३५ मिलिमीटर व्यास आणि १ मिलिमीटर अंतराचे आटे, रुंदी ६८, दोन्ही बाजूंना सुलटे. चौथे स्विस: आकड्यांनी हुबेहूब फ्रेंच, पण उजव्या कपाला इंग्लिशप्रमाणे डावे आटे.

दुकानात नेमके काय दिसले ते सांगतो. डावीकडचा कप लॉक-रिंग सैल केल्यावर मुकाट निघाला. उजवीकडचा कप मात्र दुकानदारांच्या मुलाने नेहमीच्या दिशेला जोर लावताच जागचा हलेना. त्याच्या वडिलांनी त्याला थांबवून कपाभोवती रॉकेल सोडले, थोडा वेळ जाऊ दिला आणि पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायला सांगितले; दुसऱ्या झटक्याला कप सुटला. म्हणजे उजवीकडे डावे आटे. इथेच इटालियन आणि फ्रेंच ही दोन्ही मापे बाद झाली आणि दुकानातल्या सगळ्यांनी ‘इंग्लिश आहे’ असा निकाल देऊन टाकला, कारण आपल्या रोजच्या सायकलींतही उजवीकडे डावेच आटे असतात. आत काळे, घट्ट झालेले ग्रीस होते. ते दातांच्या ब्रशने रॉकेलमध्ये घासून काढल्यावर आट्यांच्या कडा स्वच्छ उघड्या पडल्या, आणि आट्यांमधले अंतर तपासणाऱ्या पिच गेजचे इंचाला २४ आट्यांचे पान त्यांत धरले तर ते पहिल्या चार-पाच दातांनंतर चढू लागले; एका टोकाला बसवले की दुसरे टोक उचलले जाई. एक मिलिमीटरचे पान मात्र दिव्यासमोर धरूनही मधून उजेड दिसू नये इतके चपखल बसले. कपाचा बाहेरचा व्यास आट्यांच्या माथ्यावर ३५ मिलिमीटरला केसभर कमी भरला, तो तसाच भरायला हवा. नळीची रुंदी ६८. हे स्विस माप आहे.

इथे एक शंका जाणकार घेतील, ती आधीच दूर करतो. झिजलेले किंवा बिघडलेले आटे काढून नवे पाडता येतात, मग मूळ माप बदललेले नसेल कशावरून? बदलता येते, परंतु एकाच दिशेने. ३५ मिलिमीटरच्या नळीतले आटे गेले तर ती ३६ पर्यंत वाढवून इटालियन आटे पाडण्याचा उपाय जगभरचे कारागीर करतात. म्हणून एखाद्या सायकलीत इटालियन आटे सापडले तर ती इटलीचीच असे लगेच म्हणू नये, नळीची रुंदीही पाहावी. ७० ऐवजी ६८ भरली तर ती दुरुस्ती असण्याचा संभव मोठा. उलट प्रकार होत नाही. ३६ चे भोक ३५ चे करता येत नाही. आपल्या या सायकलीत ३५ आहे, त्यामुळे ती इटालियन मापाची कधी नव्हतीच.

उजव्या बाजूला डावे आटे का, हेही थोडक्यात सांगायला हवे, कारण त्यामागे नुसती हौस नाही. पायडल मारताना एक्सल पुढे फिरतो, पण छरे कपाच्या आत लोळत जाताना कपाला हळूहळू उलट्या दिशेला रेटत राहतात. उजव्या कपाला सुलटे आटे असतील तर हा रेटा त्याला सैल करतो. डावे असतील तर घट्ट करतो. इंग्रजांनी आणि स्विसांनी हे ध्यानात घेतले. फ्रेंच आणि इटालियन कारागीर कप करकचून आवळण्यावर विसंबून राहिले आणि त्यांच्या सायकलस्वारांना कप सैल होण्याचा ताप अधूनमधून भोगावा लागला.

स्विस आटे म्हणजे स्विस सायकल, असे मात्र एका दमात म्हणता येत नाही. बहुतेक स्विस बनवणारे हे माप वापरत: नशातेलची ॲलेग्रो, बाल्स्टालची मोंडिया, लोझानची सिलो. पण फ्रान्सच्या मोटोबेकान कंपनीनेही १९७० च्या दशकात फ्रेंच माप सोडून आपल्या काही सायकलींसाठी स्विस माप स्वीकारले. ही मोटोबेकान आपल्या पिढीला अगदीच परकी नाही. तिरुपतीहून येणारी ‘सुवेगा’ मोपेड तिच्याच तंत्रसाहाय्याने बनत असे, आणि सोलापुरात सुवेगावरून कचेरीत जाणारे एके काळी कमी नव्हते. तेव्हा आट्यांचा पुरावा आपल्याला स्वित्झर्लंड किंवा मोटोबेकान इथपर्यंत आणून सोडतो, आणि इटलीपासून निश्चितपणे दूर नेतो.

आट्यांच्या जोडीला नळ्यांची मापेही याच बाजूने बोलतात. इंग्लिश आणि इटालियन शर्यतीच्या सायकलीची सीटची नळी बाहेरून २८.६ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंचाला अष्टमांश कमी असते आणि वरची आडवी नळी बरोबर एक इंचाची, २५.४. फ्रेंच पद्धतीच्या मेट्रिक नळ्या अनुक्रमे २८ आणि २६ असतात. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा; रंगाचे दोन-तीन थर चढले की तो सहज झाकला जातो, म्हणून रंगावरून मोजलेला आकडा मी धरला नाही. सीटच्या कॉलरखाली जिथे रंग उडून धातू उघडा पडला आहे तिथे नळी २८ भरली. त्याहून खात्रीचा पुरावा आत होता. सीटचा दांडा वर काढल्यावर त्याच्या खालच्या भागात ‘२६,४’ असा ठसा निघाला. दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम, युरोप खंडातली लिहिण्याची रीत. उत्तम प्रतीच्या पातळ भिंतीच्या इंची नळीत साधारण २७.२ चा दांडा बसतो आणि तशाच प्रतीच्या मेट्रिक नळीत २६.४ चा. दांडा बदललेला असू शकतो, पण नळीत तो हलत नाही आणि अडतही नाही असा बसतो, त्यामुळे माप नळीचेच आहे. हँडल धरणारा दांडा, म्हणजे स्टेम, तोही २२ मिलिमीटरचा निघाला. इंग्लिश आणि इटालियन स्टेम २२.२ चे असतात. दुकानातला एक इंग्लिश स्टेम लावून पाहिला, तो चिमट्याच्या नळीत वरच अडला.

बाकीचे पुरावे मी कच्चे मानतो. ब्रेक व्हाइनमानचे आहेत, ही कंपनी स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेनची; पण तिचे ब्रेक इंग्लंडच्या आणि फ्रान्सच्या सायकलींवरही सर्रास असत, त्यामुळे त्यांना फार वजन देता येत नाही. क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे, सेंट-एतिएनच्या स्ट्राँगलाइट कंपनीचे आहेत, त्यांचीही तीच गत. दोन्ही चाकांना ३६-३६ तारा आहेत. जुन्या इंग्लिश रीतीप्रमाणे, जी आपल्या दणकट काळ्या सायकलींनी आजवर पाळली आहे, पुढे ३२ आणि मागे ४० असत्या तर इंग्लंडचा विचार करावा लागला असता, पण शर्यतीच्या सायकलींत इंग्रजांनीही ३६-३६ ची पद्धत उचलली होती. रंगाबद्दल तर बोलायलाच नको. प्रदर्शनात एक सद्गृहस्थ निळ्या रंगावरून देश सांगत होते. तो रंग आपल्याकडच्या कुठल्या तरी गॅरेजात मारलेला आहे, कारण तो ब्रेकच्या बोल्टवर आणि तारांच्या मुळाशीही सांडला आहे.

एक वस्तू मात्र मला विशेष मोलाची वाटते. सायकलीबरोबर घरात एक पत्र्याचा डबा जपलेला आहे, त्यात जुन्या ब्रेकच्या तारा, झिजलेले ब्रेक-रबर आणि तळाशी एक लहानशी ॲल्युमिनियमची पट्टी मिळाली. तिच्यावर उठावाची दोन रोमन अक्षरे, ‘व्ही’ आणि ‘डी’, शेजारी ‘७५’ आणि एक लांबलचक क्रमांक आहे. मालकांना ती कुठल्या तरी कुलपाची वाटत होती. स्वित्झर्लंडमध्ये सायकलस्वाराला तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानभरपाईचा विमा सक्तीचा होता आणि तो भरल्याची खूण म्हणून दरवर्षी सायकलीला अशी पट्टी लावावी लागे. पुढे पट्टीऐवजी चिकटवायचा कागद आला आणि २०१२ पासून ती सक्तीच उठली. त्या पट्टीवर प्रांताची दोन अक्षरे आणि साल असे. ‘व्ही डी’ म्हणजे व्हो प्रांत, ज्याची राजधानी लोझान. सिलो त्याच गावची, त्यामुळे मोह होतो; पण पट्टी सायकल कुठे चालवली जात होती एवढेच सांगते, ती कुठे झाळली गेली ते नाही. शिवाय ती डब्यात होती, सायकलीवर नव्हती. तरीही आटे स्विस, नळ्या मेट्रिक आणि बरोबरीला स्विस विम्याची पट्टी, हे तीन स्वतंत्र पुरावे एकाच बाजूला झुकतात तेव्हा मोटोबेकानपेक्षा स्विस कारखान्याचे पारडे जड होते, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा पट्ट्यांचा उपयोग इतर देशांच्या सायकलींसाठीही होतो. हॉलंडमध्ये १९२४ ते १९४१ या काळात सायकल-कर भरल्याची धातूची पट्टी असे, आणि ती जुन्या डच सायकलींवर अजून सापडते. सायकल विकत घेताना लोक अशा किडुकमिडुक वस्तू फेकून देतात, हे फार वाईट.

राहिला वयाचा प्रश्न. डिरेलर कॅम्पान्योलोचा ‘नुओव्हो रेकॉर्ड’ आहे. समांतरभुज चौकटीसारखा हलणारा डिरेलर या कंपनीने १९५० च्या सुमारास आणला आणि नुओव्हो रेकॉर्ड हा प्रकार १९६७ पासून बाजारात आला; तेव्हा १९३३ चा प्रश्नच उद्भवत नाही. याहून नेमके साल अंगावरच आहे. १९७० पासून या डिरेलरच्या वरच्या भागावर ‘पेटंट’ या शब्दापुढे दोन आकडी साल ओतलेले असे, आणि आपल्या सायकलीवर ते ७४ आहे. अर्थात डिरेलर नंतरही चढवता येतो. म्हणून मागच्या हबचे लॉकनट पुसून पाहिले, कारण या कंपनीच्या लॉकनटवरही साल ठोकलेले असते. तिथे ७४ च निघाले. मागच्या दोन ड्रॉपआउटमधले अंतर १२० मिलिमीटर आहे, म्हणजे पाच चक्रांच्या फ्रीव्हीलचा काळ. सहा चक्रांसाठी पुढे ते १२६ झाले. फ्रेम मागून फाकवल्याची किंवा ठोकल्याची खूण नाही. पट्टीवरचे ७५ याच्याशी जुळते. सायकल १९७४-७५ ची धरण्यास हरकत नाही. ती सोलापुरात एका परदेशी प्रवाशाकडून आली, ही घरातली आठवण आहे आणि तिच्यावर अविश्वास दाखवण्याचे मला काही कारण दिसत नाही. मुंबईहून हैदराबादकडे जाणारा रस्ता आपल्या गावातूनच जातो.

आता या पत्राचे दुसरे प्रयोजन. प्रदर्शनानंतर सायकल ‘नव्यासारखी’ करून घेण्याचे, म्हणजे वाळूच्या माऱ्याने जुना रंग काढून पावडर कोटिंग करण्याचे घाटत असल्याचे कळले. मालकांना माझी हात जोडून विनंती आहे की एवढ्यात तसे करू नये. निळ्या रंगाखाली मूळ रंग आणि बहुधा मूळ अक्षरेही आहेत. चेनच्या बाजूला, मागच्या नळीच्या आतल्या अंगाला एका टवक्याखाली नारिंगी थर आणि त्यावर पांढऱ्या अक्षराचा एक काना मला स्वतःला दिसला. कारखान्याचे नाव सापडायचे असेल तर ते तिथेच सापडेल. सौम्य थिनर, मऊ कापड आणि भरपूर सवड असेल तर वरचा थर तेवढा उतरवता येतो. वाळूच्या माऱ्यात वरचा, खालचा, अक्षरे, सगळेच एका तासात जाईल, आणि मारा जाड कणांचा असेल तर अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या त्या पातळ नळ्यांनाही इजा होईल. शिवाय पावडर आट्यांत बसली की ती काढण्यासाठी कोणी तरी जवळ असलेला इंग्लिश टॅप, म्हणजे आटे पाडण्याचे हत्यार, फिरवणार, आणि ज्या आट्यांवर ही सगळी ओळख उभी आहे ते आटेच नष्ट होणार.

हा धोका काल्पनिक नाही. इंग्लिश कपाचा व्यास ३४.८ मिलिमीटर आणि आट्यांचे अंतर १.०६ च्या आसपास. ३५ च्या स्विस नळीत तो पहिले दोन-तीन फेरे लोण्यासारखा जातो, त्यामुळे बसला असे वाटते, आणि मग आटे एकमेकांवर चढून अडकतो. त्यापुढे जोर लावला की नळीचे आटे सोलून निघतात. या सायकलीच्या डाव्या क्रँकची अवस्था आधीच अशी झालेली आहे: फ्रेंच पद्धतीचे पायडलचे भोक १४ मिलिमीटरचे आणि आटे सव्वा मिलिमीटरचे असताना त्यात आपले नेहमीचे, नऊ सोळांश इंचाचे पायडल पिळून बसवले गेले आहे आणि ते तिरके झाले आहे. क्रँक काढतानाही जपावे लागते. स्ट्राँगलाइटच्या त्या काळच्या क्रँकला २३.३५ मिलिमीटरचा पुलर, म्हणजे क्रँक ओढून काढण्याचे हत्यार, लागतो. बाजारात मिळणारा २२ चा पुलर त्यात सैल बसतो आणि ओढताना आटे घेऊन बाहेर येतो. आम्ही क्रँक काढण्यासाठी वर्कशॉपच्या लेथवर योग्य मापाचा पुलर कातून घेतला. तो मालकांना देऊन ठेवला आहे.

टायरबाबतही दोन शब्द. तिच्या रिम सपाट, उथळ पन्हाळीच्या आहेत, त्यांना टायरची तार धरून ठेवणारी कड नाही. त्यावर ट्यूब आतच शिवलेला टायर डिंकासारख्या चिकट द्रावणाने चिकटवावा लागतो. प्रदर्शनासाठी कोणी आपला अठ्ठावीसचा टायर चढवू पाहत होते, तो तिथे राहणारच नाही, कारण त्याचे बसण्याचे माप ६३५ मिलिमीटर आहे आणि त्याला धरायला कडही नाही. मालकांना सायकल चालवायचीच असेल तर मूळ चाके जपून ठेवावीत आणि ७०० सी मापाच्या रिम वेगळ्या विणून घ्याव्यात. त्या मापाचे टायर आता नवी पेठेतल्या दुकानांतही मिळतात, आणि मागचे अंतर १२० राखून पाच चक्रांचे फ्रीव्हील त्यात बसवता येते.

प्रदर्शनाच्या आयोजकांनी पाटी बदलून ‘बहुधा स्वित्झर्लंड, सुमारे १९७५, भाग इटली, फ्रान्स आणि स्वित्झर्लंडचे’ असे लिहावे, आणि आपणही ही दुरुस्ती छापावी, ही विनंती. मापांचा तक्ता आणि आट्यांची छायाचित्रे मी मालकांकडे दिली आहेत. पुढे कोणी अभ्यासक आला तर त्याला सायकल पुन्हा उघडावी लागू नये. उघडण्याची वेळ आलीच तर कारागिराला आधी एवढे सांगावे की डावा कप नेहमीसारखा सुटतो, पण उजव्या कपाचा पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच फिरवायचा आहे, आणि नवे कप मागवताना ३५ बाय १, उजवीकडे डावे आटे, असे लेखी द्यायचे आहे.

कळावे,

आपला एक नियमित वाचक,
गिरणी वर्कशॉपमधील निवृत्त फिटर,
सोलापूर